एका माशासाठी रकाना नाही

"मासा मी स्वतः धरून आणीन," हे वाक्य कोगुरे यांच्या तोंडून गेलं तेव्हा टेबलाभोवती सहा माणसं होती, आणि त्यातल्या एकालाही ते अडवता आलं नाही. फुसाएवहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, टेबलाखालून गुडघ्याला सणसणीत चिमटा काढला, पण तोवर वाक्य पलीकडे पोचलंही होतं. नळातून गेलेलं पाणी आणि तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही, असं कोगुरेच ऑफिसात लोकांना ऐकवत असत. तेहतीस वर्षं नगरपालिकेच्या पाणीखात्यात काढून ते मीटर विभागाचे उपप्रमुख म्हणून निवृत्त झाले. त्यातला तो 'उप' त्यांना अजून टोचतो. आपण तो विषय काढायचा नाही.

प्रसंग असा की कोगुरे यांची एकुलती एक मुलगी चिनामी, हिचं लग्न उरागामी यांच्या मुलाशी, शुनसाकुशी ठरत होतं. दोन्ही घरची माणसं बंदरावरच्या हॉटेलात जेवायला जमली होती. साखरपुडा कोगुरे यांच्या घरी, तीन आठवड्यांनी येणाऱ्या रविवारी, दुपारी बाराला, इथवर सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. आता साखरपुड्याच्या ताटात डोक्याशेपटीसकट अख्खा तांबडा मासा हवाच. तो नसेल तर साखरपुडा झाला असं आमच्याकडे कुणी धरत नाही. उरागामी पडले तिसऱ्या पिढीचे कोळी. स्वतःची बोट, मान जाड, बोलणं मोजकं. ते सहज म्हणाले, "माशाचं बघू नका तुम्ही. मी आणतो, बोटीवरचा."

माणूस साध्या मनानं बोलला. पण कोगुरे यांच्या काळजात ते काट्यासारखं रुतलं. कार्य आपल्या घरी, मुलगी आपली आणि मासा त्यांचा? उद्या तांदूळ घेऊन येतील, परवा भांडी! त्यात चिनामी कौतुकानं बोलून बसली, "आमचे बाबापण धरतात हं मासे. अकरा वर्षं गळाच्या क्लबात आहेत." झालं. मुलीनं व्याह्यांसमोर बापाची तारीफ केल्यावर कुठला बाप गप्प बसेल?

आता खरी गोष्ट सांगायची तर अकरा वर्षांत कोगुरे यांनी धरलेली मासळी म्हणजे विषारी केंड, झालंच तर एक प्लॅस्टिकची बरणी, तीही झाकणासकट. रविवारी संध्याकाळी घरी येणारा मासा बाजारातून यायचा. फुसाएवहिनींना ते पहिल्याच वर्षी कळलं होतं, कारण माशाच्या कल्ल्यात किमतीची चिठ्ठी अडकली होती. त्या बाईनं ती चिठ्ठी चुलीत घातली आणि संसार पुढे चालू ठेवला. पण चिनामीच्या लेखी बाप म्हणजे पट्टीचा गळकरी. उद्या व्याह्यांच्या देखत तिला कळलं की बाप अकरा वर्षं थापा मारतोय, तर? या 'तर'पुढे कोगुरे यांना विचार करवेना.

"मग याही वेळी बाजारातूनच आणा की," वहिनी म्हणाल्या.

"कुणापुढे ठेवायचा तो? उरागामींपुढे?" कोगुरे खेकसले. "तो माणूस माशाचा ओठ बघून सांगतो, गळाला लागला का जाळ्यात सापडला ते."

तेव्हा मासा धरणं आलं. कोगुरे दोन रविवार पहाटे धक्क्यावर जाऊन उभे राहिले. पहिल्या रविवारी दोन केंड मिळाले आणि दुसऱ्या रविवारी एकच. त्यातही कदाचित तो पहिल्या रविवारचाच एक असावा, त्याची नजर ओळखीची होती.

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी ते रिकामी पेटी घेऊन गल्लीत शिरले, तर ओगिनोकाकू कुंडीला पाणी घालत होत्या. या काकू शेजारच्या. कुंड्या चारच, पण पाणी दिवसभर घालतात, कारण तिथून अख्खी गल्ली दिसते. पेटीच्या हलण्यावरून त्यांनी ओळखलं.

"कोगुरेभावजी, असं नाही जमायचं," त्या म्हणाल्या. "टोकावरच्या एबिसुदेवाला जा. मासे त्याचे, नशीब त्याचं. हातात गळ आणि काखेत तांबडा मासा घेऊन बसलाय तो, आणखी कुणाकडे मागणार तुम्ही? माझ्या माहेरचा देव आहे. माझ्या दिरानं नुसता नमस्कार केला, तर आठ दिवसांत जाळं फाटलं."

"फाटलं?"

"माशांनी हो! भरून!"

मग काकूंनी त्यांना अर्धा तास उभं करून सगळं सांगितलं. डावा हात आधी धुवायचा का उजवा, किती वेळा वाकायचं, किती टाळ्या, नाणं कोणतं टाकायचं, कमानीच्या मधून का जायचं नाही. कोगुरे यांनी सगळं वहीत टिपून घेतलं आणि खाली तारीख घातली. मुख्य गोष्ट तेवढी काकूंनी सांगितली नाही. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "इश्श, ते काय सांगायचं असतं? ते आईच्या दुधाबरोबर कळतं!"

मंगळवारी सकाळी कोगुरे निघाले. गरम भातावर कच्चं अंडं फोडून, वर सोया घालून भरपेट न्याहारी केली. वहिनींनी डबा दिला. भूशिराच्या टोकाला जाणारी बस दीड तासानं एक सुटते. त्यात चार म्हाताऱ्या, ड्रायव्हर आणि कोगुरे. समुद्र लागला तशी त्यांना भूक लागली. त्यांनी डबा उघडला, आत पिवळीधमक अंड्याची गुंडाळी होती, आणि बस एकदम शांत झाली.

आधी त्यांना वाटलं, इंजिन बंद पडलं. मग ध्वनिक्षेपकातून ड्रायव्हरचा अतिशय नम्र आवाज आला. "प्रवाशांना विनंती आहे. कृपया उभे राहू नये, दारांना टेकू नये. आणि मागच्या सीटवरच्या साहेबांकडे अंडं असल्यास त्यांनी डबा बंद करावा."

कोगुरे यांनी डबा बंद केला. पुढच्या सीटवरची म्हातारी सावकाश वळली.

"देवाला निघालास ना, बाबा?"

"हो."

"अंडं खाऊन?"

"अजून खाल्लं नाही हे."

"आणि सकाळी?"

आता इथं दुसरा कुणी असता तर 'नाही' म्हणून मोकळा झाला असता. पण कोगुरे यांचं खोटं बोलणं फक्त माशांपुरतं होतं, बाकी बाबतीत माणूस सरळ. ते म्हणाले, "एक. भातावर."

चारही म्हाताऱ्यांच्या तोंडून एकाच वेळी 'आई गं' निघालं. मग त्या पहिल्या आजीनं त्यांना समजावलं. आपला देव रात्री होडीनं पलीकडच्या गावी आपल्या माणसाला भेटायला जायचा आणि कोंबडा आरवायच्या आत परत यायचा. एका रात्री त्या मेल्या कोंबड्यानं अवेळी बांग दिली. देव घाईनं निघाला, वल्हं पाण्यात पडलं, म्हणून हातानं पाणी मारायला गेला, तर शार्कनं हाताचा लचका तोडला. "तेव्हापासून आमच्या गावात कोंबडी नाही नि अंडं नाही. आणि त्याच्या दारात जायचं तर त्या दिवशी पोटात अंडं नको. त्यानं काय काय सोसलंय आणि तू त्याच्यापुढे ढेकर देणार?"

"उतरा म्हणत नाही मी," ड्रायव्हर ध्वनिक्षेपकातूनच म्हणाला. "तिकीट काढलंय साहेबांनी."

कुणी उतरा म्हणालं नाही, हेच कोगुरे यांना लागलं. ते ताठ उठले, घंटी वाजवली आणि पुढच्या थांब्यावर उतरले. थांब्यावर एक खांब होता आणि परतीच्या बसला दीड तास होता. त्या दीड तासात भूक अनावर होऊन त्यांनी गुंडाळी खाऊन टाकली. एवीतेवी दिवस बाटलाच होता.

गुरुवारी त्यांनी पुन्हा मोहीम काढली. न्याहारीला भात, लोणचं आणि मिसोचं सार. डबा नाहीच. बसमध्ये तीच आजी होती. तिनं विचारलं, "काय रे?" कोगुरे यांनी हात वर करून "काही नाही!" सांगितलं, तशी सगळी बस हसली आणि ड्रायव्हरनं देखील आरशातून मान डोलावली. दुपारी उतरल्यावर त्यांनी निघताना शहरातल्या टपरीतून घेतलेलं बटाट्याचं सँडविच समुद्राकडे बघत खाल्लं आणि ते कमानीच्या कडेनं आत शिरले.

देऊळ फार जुनं. लाकूड काळं पडलेलं, तांब्याचं छप्पर हिरवं झालेलं. पण कोगुरे यांचं लक्ष गेलं ते डाव्या हाताच्या खिडकीकडे. वर पाटी होती, 'कार्यालय'. ती वाचून त्यांना घरी आल्यासारखं वाटलं. देवाशी कसं बोलावं हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण खिडकीशी बोलण्यात त्यांची हयात गेली होती.

खिडकीत मोरिवाकी नावाचे एक सुकलेले कारकून बसले होते. बाह्यांवर शाईसाठी काळ्या खोळी चढवलेल्या, पुढ्यात तीन शिक्के. त्यांनी न बोलता एक फॉर्म सरकवला. पूजा कशासाठी, त्याचे रकाने होते: धंद्यात बरकत, सागरी सुरक्षा, विपुल मासळी. कोगुरे यांनी तिसऱ्यावर खूण केली.

"बोटीचं नाव?" मोरिवाकींनी विचारलं.

"बोट नाही."

"नोंदणी क्रमांक?"

"अहो, बोटच नाही तर क्रमांक कुठला?"

"विपुल मासळीला बोट लागते."

"मला विपुल नकोय. मला एक मासा हवा आहे. तांबडा. गळानं, धक्क्यावरून."

मोरिवाकींनी फॉर्म उलटसुलट पाहिला, खणातून दुसरा काढून तोही पाहिला. "एका माशासाठी रकाना नाही," ते म्हणाले.

कोगुरे यांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं आवाज चढवला असता. पण हे वाक्य त्यांनी स्वतः, शब्द बदलून, तेहतीस वर्षं लोकांना ऐकवलं होतं. त्यांना राग यायच्या ऐवजी आदरच वाटला. ते अदबीनं म्हणाले, "आमच्याकडे अशा वेळी 'इतर' मध्ये घालून समासात खुलासा लिहीत असत."

मोरिवाकींनी पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "कोणतं खातं?"

"पाणी. मीटर."

"मी पूर्वी जमीन नोंदणीत होतो," मोरिवाकी म्हणाले, आणि त्यांनी स्वतः उठून खुर्ची दिली. पुढची वीस मिनिटं त्या दोघांनी मिळून समासात जो खुलासा लिहिला, तो आमच्या प्रांतातल्या कुठल्याही कचेरीत भिंतीवर लावण्यासारखा होता. 'अर्जदार बोटधारक नसून मागणी एका नगापुरती मर्यादित आहे.' शिक्का उचलला, शाईत बुडवला, आणि मग मोरिवाकींनी आपलं रीतीप्रमाणे विचारलं, "आज अंडं घेतलं नाहीत ना?"

"नाव नको!" कोगुरे छाती काढून म्हणाले. "सकाळी भात, लोणचं, सार. आत्ता बटाट्याचं सँडविच."

शिक्का हवेतच थांबला. "बटाट्याचं... पांढरं, मऊ?"

"हो."

"त्यात मेयोनीज असतं."

"ते अंडं नव्हे!"

"मग काय असतं ते?"

कोगुरे यांनी पेनला टोपण लावलं. "हे बघा," मोरिवाकी हळूच म्हणाले, "आमची सक्ती नाही. शिक्का मी मारू शकतो. बाकी तुमचं तुम्ही आणि देव." बिचाऱ्यानं पळवाट दिली होती. पण पत्त्यात घर क्रमांक राहिला म्हणून ज्यानं लोकांचे अर्ज परत पाठवले, तो माणूस पोटात मेयोनीज घेऊन देवासमोर कसा जाणार? कोगुरे यांनी अर्ज मागे घेतला, 'अर्जदाराच्या विनंतीवरून' असं लिहून सही केली आणि बस गाठली. परतताना त्यांना रडू येईल की काय असं वाटत होतं. आज गुरुवार, आणि रविवारी साखरपुडा होता.

मग मात्र कोगुरे पेटले. गुरुवारी रात्रीपासून त्यांनी फक्त भात, मीठ आणि खारवलेला आलुबुखारा यांवर राहायचं ठरवलं. शुक्रवारी घरातल्या एकूण एक पाकिटावरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली. माशाच्या वड्यांत अंड्याचा पांढरा बलक निघाला. शेवयांत अंडं निघालं. केस धुवायच्या शाम्पूच्या बाटलीवर 'अंड्याचं पोषण' लिहिलेलं होतं. "एवढी वर्षं मी तुम्हाला विष घालतेय असं बोला ना सरळ!" फुसाएवहिनी म्हणाल्या. साखरपुडा दोन दिवसांवर, घरात अजून पडदे धुवायचे बाकी, आणि यजमान स्वयंपाकघरात भिंग घेऊन ओणवे.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. सल्ले येऊ लागले. एक म्हणाला, जुलाब घ्या, एकदा सगळंच स्वच्छ. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणाला, देवाला पिवळा बलक चालत नाही, पांढरा चालतो, त्याच्या मामेभावानं पुजाऱ्यालाच विचारलं होतं. ओगिनोकाकू प्रवासाच्या शुभेच्छा म्हणून स्वतः केलेला मऊ केक घेऊन आल्या.

"काकू, यात अंडी किती?"

"सहा! तुमच्यासाठी म्हणून हात आखडता नाही घेतला."

"काकू, तुमच्याच माहेरच्या देवाला चाललोय मी."

"अगंबाई!" म्हणून काकूंनी केक छातीशी धरला, आणि परत जाताना दारातून म्हणाल्या, "पण एवढ्या कष्टानं केलेलं निदान चाखून तरी बघायचं. माणसानं इतकंही कडक असू नये." त्या रागावल्या त्या रागावल्याच.

शेवटचा घोळ जाकिटानं घातला. शनिवारी सकाळी वारा बोचरा होता. कोगुरे जाड जाकीट चढवत होते, आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. आत पिसं होती. कुणाची? त्यांनी कंपनीला फोन लावला. बाई फार गोड बोलली. म्हणाली, "नव्वद टक्के बदक, सर."

"उरलेले दहा टक्के?"

पलीकडे बराच वेळ संगीत वाजलं. "तपासून सोमवारी कळवते, सर."

सोमवारी कळून काय उपयोग? कोगुरे यांनी जाकीट खुंटीला परत अडकवलं आणि साध्या कोटावर, दात वाजवत, ते बसथांब्यावर गेले. बसमध्ये आजीनं त्यांच्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, स्वतःची शाल काढून त्यांच्या गुडघ्यावर टाकली. "सुती आहे," ती म्हणाली.

तर अशा रीतीनं, पोटात भात-मीठ, अंगात थंडी, हातात कोरा अर्ज असे कोगुरे तिसऱ्यांदा खिडकीपुढे उभे राहिले. मोरिवाकी त्यांना बघून उठूनच उभे राहिले आणि त्यांचा चेहरा पडला.

"पुजारीबुवा नाहीत हो. नव्या बोटीच्या पूजेला बेटावर गेलेत. आता पूजा सोमवारी."

कोगुरे यांनी खिडकीची चौकट धरली. "सोमवारी? अहो, उद्या बाराला माझ्या मुलीचा साखरपुडा आहे. मी दोन दिवस मीठभात खातोय. मला देवाला फक्त एक वाक्य सांगायचंय. कसं सांगू?"

"ते तर तुम्ही केव्हाही सांगू शकता," मोरिवाकी म्हणाले. "मागच्या बाजूला फळी आहे. देवाला ऐकू कमी येतं, म्हणून गावचे लोक पुढून नमस्कार करून मागे जातात, फळीवर हातानं तीन थापा मारतात आणि मोठ्यानं सांगतात. त्याला अर्ज लागत नाही."

"अर्ज लागत नाही?"

"नाही."

"मग हे तुम्ही मला गुरुवारी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही अर्ज मागितलात," मोरिवाकी म्हणाले. आणि यात त्यांची काहीच चूक नव्हती, हे कोगुरे यांच्याइतकं दुसरं कुणाला कळणार?

ते पुढून नमस्कार करून मागच्या बाजूला वळले. कोपऱ्यावर तांदळाच्या दारूची नवसाची पिंपं रचलेली होती. पलीकडे फळीपाशी कुणीतरी होतं. धप, धप, धप असा आवाज आला. दुसऱ्याचं गाऱ्हाणं ऐकू नये म्हणून कोगुरे पिंपांआड थांबले. पण बहिऱ्या देवाला सांगितलेलं न ऐकायचं म्हणजे कान कापून ठेवायला हवेत.

"उरागामी आलोय रे!" एक खरखरीत आवाज गरजला.

कोगुरे पिंपांआड आणखी आत सरकले.

"बोटीचं नेहमीचंच. इंजिन बरं चाललंय, तुझी कृपा. आता दुसरं ऐक. उद्या माझ्या पोराचा साखरपुडा आहे. व्याही म्हणालेत, मासा मी धरून आणतो. आता तुला सांगतो, त्या माणसाला गळ टाकता येत नाही. दोन रविवार बघतोय मी बोटीवरून. अंधारात येऊन उभा राहतो, संध्याकाळपर्यंत हलत नाही. आमिष लावतो तेच उलटं!"

पिंपांआड कोगुरे यांचे कान लाल झाले. आमिष उलटं? अकरा वर्षं? क्लबातल्या एकाला हे सांगायला तोंड नव्हतं? क्षणभर वाटलं, पुढं होऊन या माणसाला चार शब्द सुनवावेत.

"जाऊन दाखवलं असतं," आवाज पुढे चालू होता, जरा खाली येऊन, पण देवाला पोचेल इतपत मोठा. "पण मानी माणूस आहे, वाईट वाटून घेईल. तेव्हा तूच बघ. एक मासा लाव त्याच्या गळाला. हवं तर माझ्या जाळ्यातला एक कमी कर, दहा कमी कर. पण पोरीसमोर बापाची मान खाली जायला नको. मलाही बहीण होती, तिच्या लग्नात बापाला काय वाटतं ते मी पाहिलंय. येतो!"

दोन टाळ्या वाजल्या. कोगुरे पिंपांच्या मागे अंग चोरून उभे राहिले आणि उरागामी आपल्या जाड मानेसकट त्यांच्यासमोरून निघून गेले. कोगुरे यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. बोचऱ्या वाऱ्यानं, असं त्यांनी पुढे फुसाएवहिनींना सांगितलं.

मग ते फळीसमोर गेले. तीन थापा मारल्या. "मी कोगुरे मासानोबु," ते पुटपुटले.

"ऐकू नाही जायचं!" कार्यालयाच्या मागच्या खिडकीतून मोरिवाकी ओरडले. "मोठ्यानं!"

कोगुरे यांनी छातीत वारा भरून घेतला. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणापुढे आवाज चढवला नव्हता.

"मी कोगुरे मासानोबु!" ते ओरडले. "आत्ता जे गृहस्थ बोलून गेले, त्यांच्या जाळ्यातला एकही मासा कमी करू नका! एकही नको! मला मासा धरता येत नाही! अकरा वर्षं घरी नेलेला प्रत्येक मासा बाजारातला होता! ही थाप मी मारली, तिचं मी बघून घेईन, उद्या सगळ्यांसमोर सांगेन! माझी मुलगी त्यांच्या घरी चाललीय, तेव्हा त्यांची बोट रोज सुखरूप परत येऊ द्या! बाकी मला काही नको!"

घसा फाटला. वरच्या छपरावरून दोन कबुतरं उडाली. आणि मग देवळाच्या पुढच्या बाजूनं तोच खरखरीत आवाज आला.

"व्याही!"

कोगुरे यांनी डोळे मिटले.

"पहाटे पाचला धक्क्यावर या. गळ माझा वापरा. आणि जाड काहीतरी घाला अंगात!"

रविवारी पहाटे ते दोघे धक्क्यावर शेजारी शेजारी उभे होते. बोलणं फारसं झालं नाही. उरागामींनी एकदा त्यांच्या हातातलं आमिष काढून सुलटं लावून दिलं, बस. नऊला कोगुरे यांच्या गळाला मासा लागला. तांबडा होता, हे सगळ्यात महत्त्वाचं. आकाराबद्दल बोलायचं तर फुसाएवहिनींनी आणलेलं ताट हातभर लांब होतं आणि मासा वीतभरही नव्हता.

बाराला सगळे बसले. ताट मधोमध आलं. उरागामींच्या बायकोच्या तोंडून निघूनच गेलं, "अगंबाई, एवढासा असला तर आमच्याकडे परत सोडतात." नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, ती ओशाळली.

कोगुरे उठून उभे राहिले. सगळं सांगितलं. बाजार, केंड, अकरा वर्षं, आजचं आमिष कुणी लावलं तेही. घसा बसलेला असल्यामुळे त्यांचं ते कबुलीजबाबाचं भाषण कुजबुजल्यासारखं आलं, पण एकही शब्द त्यांनी गाळला नाही. शेवटी ते चिनामीकडे न बघता म्हणाले, "तुला फसवलं मी, बाळ."

चिनामी ओठ दाबून बसली होती. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरले.

"बाबा, तुम्ही आणलेल्या माशांच्या पोटात आतडं कधी नसायचंच," ती म्हणाली. "गळाला लागलेला मासा साफ होऊन येतो का हो पाण्यातून?"

"मग तू कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही दारातून इतक्या आनंदानं हाक मारायचात ना. काय बोलणार?"

उरागामींनी जेवायच्या काड्या उचलल्या आणि तो एवढासा मासा, कोळ्याच्याच हाताला जमेल अशा नेटकेपणानं, सहा जणांत वाटला. प्रत्येकाच्या वाट्याला घासभर सुद्धा आला नाही. चिनामीनं आपला तुकडा उचलून बापाच्या ताटात ठेवला. कोगुरे यांनी तो पाच मिनिटं चावून खाल्ला, आणि खाताना कुणाकडेही पाहिलं नाही.